मुलाखतीला गेलीस की कथा दाखवायला?

पत्र असं आहे, थोडं कापलंय, बाकी जसंच्या तसं:

"ताई नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. मराठीत कथा लिहिते, त्यातल्या काही रविवारच्या पुरवणीत छापून आल्यात. आमच्या गावच्या वाचनालयाचं यंदा सुवर्णमहोत्सवी वर्ष आहे आणि स्मरणिकेसाठी गोव्यातल्या लेखकांशी गप्पा मारायच्या आणि त्या छापायच्या हे काम मी अंगावर घेतलं. पहिल्यांदा फोंड्याला एका ज्येष्ठ कथाकारांकडे गेले. प्रश्न काढून नेलेले, प्रेरणा कोणाची, लेखनप्रक्रिया काय, नवोदितांना संदेश, असे. सरांनी सगळ्याची उत्तरं दिली पण घरी येऊन ऐकलं तर हीच उत्तरं मी त्यांच्या जुन्या मुलाखतीत वाचलेली. मग तासभर कुठला पुरस्कार कुणाला कसा मिळाला ते सांगत बसले आणि उठताना म्हणाले, हे छापू नको हां. दुसऱ्या एक कवयित्री, त्या फोनच उचलत नाहीत. तिसऱ्यांनी मलाच विचारलं, तू कोंकणीत का लिहीत नाहीस. माझी नवी कथा दोन्ही वेळा बॅगेत होती, काढायचं धाडस झालं नाही. कार्यक्रमांना जाते तर सगळे एकमेकांना ओळखतात, मी मागच्या खुर्चीवर बसून परत येते. सोडून देऊ का हे काम? आणि ह्या लोकांत मला कधी जागा मिळेल का? – मागच्या खुर्चीवरची, डिचोली"

अगं बाय,

काम सोडू नकोस, स्मरणिका निघू दे. पण पत्रातली मुख्य गोष्ट तू पुरस्कार आणि कोंकणीच्या मागे दडवून ठेवलीस, ती म्हणजे बॅगेतली कथा.

तू फोंड्याला दोन कामं घेऊन गेलीस. वाचनालयाचं काम तोंडाने सांगितलंस आणि स्वतःचं बॅगेत ठेवलंस. आता समोरचा माणूस तीस-चाळीस वर्षं लिहितोय, त्याच्या दारात असे कितीतरी जण येऊन गेलेत, हातात डायरी, खांद्याला बॅग आणि नजर घड्याळाकडे, की मुलाखत संपली की विषय काढू. त्यांना कळतं गं. कळलं की माणूस सावध होतो, आणि सावध झालेला लेखक छापील उत्तरं देतो कारण ती त्याला पाठ असतात. तुझ्या प्रश्नांनी पण त्याला दुसरं काही द्यायला लावलं नाही, "नवोदितांना काय संदेश द्याल" ह्याला आजवर कुणी धड उत्तर दिलेलं मी वाचलेलं नाही आणि पुरवणीच्या टेबलावर मी अशा मुलाखती ढिगाने वाचल्यात.

तेव्हा पुढच्या वेळी कथा घरी ठेवून जा. ती कुणाला दाखवायची ते मी खाली सांगते, त्याचा आणि स्मरणिकेचा काही संबंध नाही.

आता वाचून जायचं म्हणजे काय. सरांची सगळी पुस्तकं वाच असं मी म्हणत नाही, शाळा सांभाळून ते व्हायचं नाही. एकच वाच पण शेवटपर्यंत, आणि शक्यतो जे गाजलं ते नको. गोव्यातल्या मराठी पुस्तकांची पहिली आवृत्ती निघते, नातेवाईकांत आणि मित्रांत वाटली जाते, काही ग्रंथालयांत जाते आणि संपते, दुसरी आवृत्ती फार थोड्यांच्या नशिबी. त्यामुळे दुकानात मिळालं नाही म्हणून हात झटकू नकोस. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेली संस्था आहे ती, तिथे जाऊन गोव्यातल्या लेखकांचं काय काय आहे ते विचार, तिथली माणसं शोधून देतात. पर्वरीला गोमंतक मराठी अकादमीच्या मराठी भवनात एक फेरी मार. पण त्याआधी तुझ्याच वाचनालयातलं कपाट उघड, म्हणजे ते मागच्या खोलीतलं, ज्याची चावी कुणाकडे आहे ते शोधायलाच आठवडा जाईल.

आणि कपाट उघडलंस की नुसतं पुस्तक घेऊ नकोस, देवघेवीचं जुनं रजिस्टर पण काढ. पन्नास वर्षांचं वाचनालय आहे म्हणतेस, रजिस्टरं असणारच, कसर लागलेली असतील, शिवण सुटली असेल, पण असतील. त्यात सरांचं पुस्तक शोध. कुणी नेलं, कधी नेलं, कधी परत केलं. समज एखाद्या पानावर ओळीने नावं आहेत, पोस्टमन, खाणीवर कामाला असलेला कोणी, शाळेतल्या बाई, आणि एका माणसाने तेच पुस्तक नेऊन परत करून पावसाळ्यात पुन्हा नेलंय. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढ आणि सरांसमोर धर. पुरस्कार कुणाला कसा मिळाला हे बोलणारा माणूस तो फोटो बघून काय बोलतो ते ऐक. त्याला समीक्षक माहीत आहेत, परीक्षक माहीत आहेत, पण तुझ्या गावात त्याचं पुस्तक पावसाळ्यात दोनदा कुणी नेलं हे त्याला कुणीही सांगितलेलं नसणार. लिहिणाऱ्याला वाचणारा भेटत नाही हीच आपल्याकडची रड आहे, आणि पुरस्काराची कुरबुर मला तर बरेचदा त्याचंच दुसरं रूप वाटते, वाचल्याची पावती कुठूनच येत नाही म्हणून माणूस ढालींचा हिशोब करत बसतो.

(नावं छापताना मात्र जपून. जुनी असली तरी माणसं त्याच गावातली आहेत, विचारून छाप, नाहीतर नुसतं "एक पोस्टमन" म्हण.)

प्रश्नांचं सांगते. मोठे शब्द काढून टाक, कामाचं विचार. कधी लिहायचात, सकाळी की जेवणं झाल्यावर, कुठे बसून, कागद कसला, पहिला खर्डा कुणी वाचला, छापायला पैसे कुणी घातले, गठ्ठे घरी आले ते कुठे ठेवले. कोंकणी कथाकार दामोदर मावजो माजोर्ड्याला कितीतरी वर्षं दुकान चालवायचे हे सगळ्या गोव्याला माहीत आहे, ज्ञानपीठ मिळालं तेव्हा पेपरांत पण आलं. आता त्यांच्यासारख्या माणसाला "तुमची प्रेरणा" विचारलं तर ते सौजन्याने दोन वाक्यं बोलतील. पण वाक्य अर्धं असताना गिऱ्हाईक आलं तर काय करायचात, गिऱ्हाइकांच्या उधारीच्या वहीतनं कधी कथा निघाली का, असं विचारलं तर बोलणं दुकानातनं गावात आणि गावातनं कथेत आपोआप जाईल. तुझे सर काय करायचे? शिक्षक होते, कचेरीत होते, बागायत होती? तिथून सुरुवात कर.

पुस्तकातल्या एका जागेवर पण बोट ठेव. म्हणजे असं:

"सर, ह्या गोष्टीत म्हातारी शेवटी दार उघडत नाही. पहिल्यापासून असंच होतं?"

"नाही. आधी उघडायची."

"मग?"

आणि हे "मग" म्हणून गप्प बस. पुढचा प्रश्न तोंडात तयार असला तरी गिळ. शाळेत पोरांना प्रश्न विचारून आपणच उत्तर द्यायची सवय आपल्या मास्तर लोकांना असते, ती घरी ठेवून जा. मग ते सांगतील की शेवट का बदलला, कुणी बदलायला लावला, किंवा आठवत नाही म्हणतील आणि पुस्तक हातात घेऊन स्वतःच ते पान वाचायला लागतील. ते वाचताना जे पुटपुटतील ते रेकॉर्ड कर, मुलाखत तिथून सुरू झाली असं समज. आधीचं सगळं पाहुणचार.

सर ऐंशीच्या आसपासचे असतील तर तुझ्यासमोर सोन्याची खाण आहे आणि तू संदेश मागत बसलीस! ह्या पिढीने १९६१च्या आधीचा गोवा लहानपणी बघितलाय, पोर्तुगीज सेन्सॉर असताना मराठी पुस्तकं गावात कुठून यायची, कुणाच्या ट्रंकेतनं, मराठी शाळा कुणाच्या ओसरीवर भरायची, हे विचार. १९६४ला मडगावला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष कुसुमाग्रज. त्यावेळी हे कॉलेजात वगैरे असतील, गेले होते का, स्वयंसेवक होते का, जेवायला काय होतं, कुठे झोपले. (मडगावला त्याआधी पण झालंय एक, १९३०ला, वामन मल्हार जोशी अध्यक्ष होते, पण ते बघितलेलं आता कोण भेटणार.) आकाशवाणी पणजीचं विचार, रेडिओवर पहिली कथा वाचली तेव्हा मानधन किती मिळालं, घरी रेडिओ होता की दुसऱ्याकडे जाऊन ऐकलं. पैशाचा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत, विचार तू, लेखक आनंदाने सांगतात कारण रक्कम ऐकून दोघांनाही हसू येतं.

जनमत कौलाचं आणि राजभाषेचं मात्र पहिल्या अर्ध्या तासात काढू नकोस. १६ जानेवारी १९६७चा कौल, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा ह्यावरचा, आणि मग कोंकणीला राजभाषा करणारा १९८७चा कायदा, ह्या दोन्ही वेळी गोव्यातले लिहिणारे दोन बाजूंना उभे होते आणि काहींच्या मैत्र्या तुटल्या त्या पुन्हा सांधल्याच नाहीत. "तुमची भूमिका काय होती" विचारलंस तर भाषण मिळेल. "त्यावेळी कुणाशी बोलणं बंद झालं" असं विचारलंस तर माणूस मिळेल, पण तेवढा विश्वास आधी बसायला हवा.

ह्यावरनं तुझ्या तिसऱ्या गृहस्थांकडे येते. तू कोंकणीत का लिहीत नाहीस, हा प्रश्न गोव्यात मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो, आणि उलट्या बाजूचा कोंकणीवाल्यांना पण. अपमान वाटून घेऊ नकोस आणि वाद पण घालू नकोस. "मला गोष्ट मराठीत सुचते" एवढं सांग, खरं असेल तर. घरात कोंकणी बोलतेस ना? तेही सांग. बाकीबाब बोरकर दोन्ही भाषांत लिहायचे, मराठीतले एवढे मोठे कवी आणि साहित्य अकादमी मिळाली १९८१ला ती 'सासाय' ह्या कोंकणी संग्रहाला. शंकर रामाणी दोन्हीत, विष्णू वाघ दोन्हीत, महाबळेश्वर सैल दोन्हीत, सैलांना २०१६चा सरस्वती सन्मान कोंकणी कादंबरीला मिळाला आणि मराठी वाचक पण त्यांना आपलाच लेखक म्हणतो. हा वाद मिटवायचं कंत्राट तुझ्या स्मरणिकेने घेतलेलं नाही. उलट मी म्हणेन त्या गृहस्थांकडे परत जा, आणि त्यांनाच विचार की तुम्हाला पहिली गोष्ट कुठल्या भाषेत ऐकवली, कुणी. प्रश्न विचारणाऱ्याला बोलायचं असतं म्हणूनच तो विचारतो.

फोन न उचलणाऱ्या कवयित्रीबद्दल. कधी करतेस फोन? शाळा सुटल्यावर दीड-दोनला करत असशील तर गोव्यात त्यावेळी कुणीच उचलत नाही, आपली दुपारची झोप बदनाम आहे ती काय उगाच. आणि अनोळखी नंबर म्हटला की हल्ली बँकेचं नाव सांगून लुबाडणारे. आधी मेसेज टाक, मराठीत, पाच-सहा ओळी, कोण तू, कुठलं वाचनालय, त्यांची कुठली कविता वाचलीस, किती वेळ हवा. "आपल्या सोयीने" एवढ्यावर सोडू नकोस, दोन दिवस आणि वेळा सुचव. तरी उत्तर नाही आलं तर ओळखीतनं जा, आपल्याकडे प्रत्येक जण कुणाचा तरी मामेभाऊ असतो, त्याचा कधीतरी चांगला उपयोग करावा. आणि तरी नाही म्हणाल्या तर नाही. न बोलायचा हक्क त्यांना पण आहे.

बाईंकडे गेलीस तर स्वयंपाकघरात बसायची तयारी ठेव. त्या हुमणाचं, म्हणजे माशाच्या आमटीचं, वाटण काढता काढता बोलतील, मिक्सर चालू झाला की रेकॉर्डिंग गेलं, मग तू थांब आणि मिक्सर बंद झाल्यावर अर्धं राहिलेलं वाक्य त्यांना आठवण करून दे. आणि एक, पुरुष लेखकांकडे जाशील तेव्हा चहा घेऊन येणाऱ्या काकींना "तुम्ही पण बसा ना" म्हण. टायपिंग परवडत नव्हतं त्या काळात कित्येकांची स्वच्छ प्रत बायकोने काढलेली आहे, रात्री, पोरं झोपल्यावर. साल, महिना, कुठली कथा साभार परत आली आणि हे किती दिवस जेवले नाहीत, सगळं त्यांना पाठ असतं. सर एक सांगतील, काकी आतनं ओरडून दुरुस्त करतील. ते दोन्ही छाप.

यादी तू कुणाची केलीस ते लिहिलं नाहीस पण माझा अंदाज, ज्यांची पुस्तकं निघालीत त्यांचीच असणार. तुझ्या डिचोलीत, पलीकडे सत्तरीत, पेडण्यात, जत्रेला आणि काल्याला मराठी नाटकं होतात, गावचीच माणसं करतात, आणि त्यातली काही गावच्याच माणसाने लिहिलेली असतात. ह्या माणसांचं पुस्तक नाही, नाव कुठल्या सूचीत नाही, संहिता वहीत लिहिलेली, ती पण तालमीत फाटलेली. पण अख्खं गाव पहाटेपर्यंत बसून त्याचं नाटक बघतं. कवितासंग्रहाला एवढे वाचक मिळाले तर कवी देवाला नारळ फोडील. अशा एका तरी माणसाकडे जा. त्याला विचार की देवस्थानच्या कमिटीने किती पानं कापायला लावली, खलनायकाचं काम करणाऱ्याने डायलॉग वाढवून मागितले तेव्हा काय केलं. लेखनाबद्दल तो फोंड्याच्या सरांपेक्षा कमी सांगणार नाही, आणि वाचनालयाच्या स्मरणिकेत गावचा लेखक नसेल तर मग ती पणजीच्या संस्थेची झाली की. धालो-फुगडीची, म्हणजे बायकांच्या नाचाची, गाणी जोडणाऱ्या म्हाताऱ्या आहेत, त्या वेगळ्याच. जमलं तर बघ, सगळं एका अंकात कोंबू नकोस.

रेकॉर्डिंग करतेस ते सांगून कर आणि फोन पंख्याखाली ठेवू नकोस, पावसात पत्र्याखाली तर बसूच नकोस. घरी आलीस की त्याच रात्री निदान मुद्दे उतरव, दुसऱ्या दिवशी हावभाव विसरायला होतं. व्हॉइस टायपिंगवर भरवसा नको, आपली मराठी त्या मशीनला कळत नाही, मधेच कोंकणी शब्द आला की ते भलतंच काहीतरी लिहून ठेवतं. आणि लिहिताना सरांना पुण्याचे करू नकोस. ते "काय सांगू बाय तुला, पावस असो पडतालो" म्हणाले असतील तर तसंच ठेव, कंसात अर्थ देत बसायची गरज नाही, तुझ्या गावच्या वाचकाला तो अर्थ तुझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. वाक्यं लांबली तर काप, पण बदलू नकोस.

छापू नको म्हणाले ते छापू नकोस, ह्यात दुसरा विचार नाही. पुरस्कारांच्या गोष्टी ऐकायला मजा येते, मलाही येते, पण त्यातली निम्मी एकतर्फी असते आणि ज्याच्याबद्दल आहे तो पुढच्या आठवड्यात तुला मडगावच्या बसमधे भेटेल, एवढंसं राज्य आहे आपलं. मजकूर झाला की त्यांना दाखव का? माझं मत, नावं, सालं, गावं तपासायला दे, मतं बदलायला देऊ नकोस. "सर तारखा बघून द्या, शनिवारपर्यंत" असं म्हण. पूर्ण मजकूर कात्रीसकट हातात दिलास तर सगळी गंमत काढून टाकतील आणि आपल्या पुस्तकांची यादी जोडून पाठवतील. हे मी बघितलंय, एकदा नाही.

आता मागच्या खुर्चीचं.

कार्यक्रमात तुला परकं वाटतं कारण आपल्याकडचे बरेचसे साहित्यिक कार्यक्रम भेटायला केलेलेच नसतात. समई, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक अर्धा तास, प्रमुख पाहुण्यांना दुसरीकडे जायचं असतं, ज्या पुस्तकाचं प्रकाशन आहे ते व्यासपीठावरच्या एकाने वाचलेलं असतं आणि तो लेखकाचा मेहुणा. पुढच्या ओळीत परीक्षक, प्रकाशक, संपादक शेजारी शेजारी बसलेले. तिथे जागा मिळवायची म्हणजे काय मिळवायचं? पुढच्या ओळीतली एक खुर्ची. सगळेच तसे असतात असं नाही, गोवा आर्ट्स अँड लिटरेचर फेस्टिव्हल २०१० पासून चालू झाला, त्यात मावजोंसारखी माणसं पुढे होती, तिथे कोंकणी-मराठी-इंग्रजी एकाच जागी ऐकायला मिळतं आणि मधल्या वेळात लेखक मोकळे फिरत असतात. असलं काही असेल तर जरूर जा. पण तिथे पण पाहुण्यांभोवती घोळका होतो त्यात घुसू नकोस. मागच्याच ओळीत बघ. दर कार्यक्रमाला येऊन गुपचूप वहीत काहीतरी लिहिणारा एखादा पोरगा असेल, बँकेतनं परस्पर आलेली कुणी बाई असेल. चहाच्या वेळी त्यांच्याशी बोल. तू जे शोधतेस ते लोक हेच, त्यांची पण बॅग जड आहे.

तसे तीन-चार जण झाले की बास. महिन्यातनं एकदा भेटा, तुझ्या वाचनालयातच, रविवारी दुपारी चारनंतर. एकाने आपलं नवं काहीतरी मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि जिथे कंटाळा आला ती जागा सांगायची. लिहिणाऱ्याने मधे बोलायचं नाही, "मला तिथे असं म्हणायचंय" चालणार नाही, म्हणायचं होतं तर लिहायला हवं होतं. प्रमुख पाहुणा नको, अध्यक्ष नको, मंडळाला नाव तर मुळीच देऊ नका, नाव दिलं की घटना लागते, घटना आली की खजिनदार आणि मग भांडण. चहा आणि मिरचीची भजी पुरे. व्हॉट्सॲप ग्रुप फक्त वेळ कळवायला ठेवा कारण तिथे कथा टाकली की "अप्रतिम", "व्वा ताई" आणि हात जोडलेली चित्रं येतात, वाचलेली कुणी नसते. सुरुवातीला एक-दोघं गळतील. टीका सोसणं सगळ्यांना जमत नाही, तुलाही पहिल्यांदा दोन दिवस जेवण गोड लागणार नाही.

बॅगेतली कथा आधी तिथे वाच. ज्येष्ठांकडे नंतर, तीच कथा दुरुस्त होऊन दुसऱ्यांदा लिहिल्यावर, आणि तेव्हा सरळ विचार, "सर, एक कथा आहे बारा पानांची, वाचाल का, वेळ नसेल तर तसं सांगा." ते हो म्हणतील किंवा डोळ्यांचं कारण सांगतील. दोन्ही उत्तरं घेऊन घरी ये, मधेमधे "वाचली का सर" विचारू नकोस. ज्येष्ठ लेखक चांगला वाचक असतोच असं नाही, काहींना दुसऱ्याच्या कथेत फक्त स्वतःची कथा दिसते, तू तिथे चुकलीस म्हणजे त्यांनी लिहिली असती तशी नाही लिहिलीस एवढाच अर्थ. असं काही ऐकलंस तर नम्रपणे हो म्हणून ये आणि एक शब्द बदलू नकोस. एखाद्याने मात्र पेन्सिलने समासात खुणा करून परत दिली तर त्या माणसाला धरून राहा.

फोंड्याच्या मुलाखतीचं काय करायचं ते पण सांगून टाकते. ती फेकू नकोस, पण तशी छापू पण नकोस. रजिस्टरचा फोटो मिळाला की सरांना मेसेज कर, "एक दाखवायचंय, अर्धा तास येऊ का." सकाळी दहाच्या सुमारास जा, मोकळ्या हाताने गेलीस तरी चालेल पण गावच्या नीरफणसाचे दिवस असतील तर एक घेऊन जा. कॅमेरा, स्टँड, वीस प्रश्नांचा कागद काही नको. ह्या अर्ध्या तासातलं जे येईल ते मुख्य, आणि आधीच्या रेकॉर्डिंगमधनं जन्म, शाळा, पुस्तकं एवढं चौकटीत घे. स्मरणिकेत पाहुण्यांचे शुभेच्छा संदेश किती पानं खाणार ते कमिटीकडून आत्ताच लिहून घे, नाहीतर मंत्री, आमदार, सरपंच आणि पंच झाल्यावर तुझ्या लेखकांना दीड पान उरेल.

अंक निघाला की प्रत्येक लेखकाला दोन प्रती पोचव, एक त्यांना, एक काकींना.